ओळ कोठे मोडते?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोठमोठे विषय बोलले जातात. माझा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. संगणकाच्या पडद्यावर एक खिडकी उघडावी आणि तीत दहावीस किंवा शंभर ओळींचा मजकूर वाचणाऱ्याला सरळ, पूर्ण आणि न तुटता दिसावा, एवढाच तो विषय. नव्याने प्रोग्राम लिहू लागलेल्या माणसाला एक ओळ दाखवणे पहिल्याच दिवशी साधते. दुसरी ओळ आली की अडचणी सुरू होतात. त्या कशामुळे येतात आणि त्यांतून वाट कशी काढावी, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगणार आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. हा विषय मी पंचेचाळिशीनंतर, पाळी संपवून युनियनच्या कचेरीत येणाऱ्या तरुण पोरांना विचारून आणि पुस्तके चाळून शिकलो. त्यामुळे माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई सापडणार नाही; पण जे सांगेन ते हाताने करून पाहिलेले असेल.

कामगार चळवळीतल्या माणसाचा या गोष्टीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्यात मालकावर असे बंधन घातले होते की कामाच्या अटींचा प्रमाणित मजकूर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून बहुतेक कामगार आत येतात त्या दाराशी, खास फलकावर ठळकपणे लावला पाहिजे. २०२५च्या नोव्हेंबरात नवी संहिता अमलात येऊन तो कायदा मागे पडला. परंतु त्यातला विचार मला आजही मोलाचा वाटतो. नियम असून भागत नाही, तो दिसावा लागतो. आता पुष्कळ ठिकाणी फलकाची जागा पडद्याने घेतली आहे. कागदाच्या फलकावर निदान एक सोय होती: कागद जेवढा लांब, तेवढा मजकूर डोळ्यांसमोर. पडद्याचे तसे नाही. खिडकीत जे मावत नाही ते तेथे आहे याचा पत्ताही लागू नये, अशी व्यवस्था पडद्यावर सहज होऊन बसते, आणि ती करण्यासाठी कोणाच्या मनात कपट असावे लागत नाही.

प्रथम एक समजूत मनातून काढून टाकावी लागते. कागदावर ओळ ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. बोट ठेवून दाखवता येते. संगणकाच्या पोटात अशी वस्तू नाही. तेथे मजकूर म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब माळ असते. ‘काम’ हा शब्द घ्या. युनिकोड या जागतिक संकेताप्रमाणे ‘क’ला २३२५, कान्याला २३६६ आणि ‘म’ला २३५० असे क्रमांक आहेत, म्हणजे आपल्या लेखी दोन अक्षरांचा शब्द संगणकाच्या लेखी तीन मण्यांचा होतो. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही क्रमांक आहे, ३२. आणि ‘येथे ओळ संपली’ हे सांगण्यासाठीही माळेत एक मणी ओवावा लागतो, त्याचा क्रमांक १०. हा मणी स्वतः दिसत नाही. त्याचा परिणाम दिसतो.

हा दहा आला कोठून, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. आपल्यापैकी ज्येष्ठांनी टंकलेखनयंत्र वापरले असेल. ओळ संपली की डाव्या बाजूचा दांडा उजवीकडे ढकलायचा. त्या एका हिसक्यात दोन कामे होत: कागद गुंडाळलेला रूळ एक ओळभर फिरे, आणि गाडा मूळ जागी परत येई. तारेवरून चालणारे टेलिप्रिंटर आले तेव्हा दांडा ढकलायला पलीकडे माणूस नव्हता. म्हणून त्या दोन कामांचे दोन वेगळे हुकूम ठरले. डॉनल्ड मरे यांनी १९०१ साली जो तारसंकेत बांधला, त्यात ‘गाडा मागे’ आणि ‘कागद पुढे’ असे दोन हुकूम होते. वेगळे ठेवण्यात सोय होती. १९६३ सालचे टेलिटाइप कंपनीचे तेहतीस क्रमांकाचे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी, पण गाड्याला उजव्या टोकापासून डावीकडे यायला त्याहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी ‘गाडा मागे’ सांगायचे, आणि तो धावत असतानाच कागद सरकवून घ्यायचा. त्याच १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ हा संकेत प्रसिद्ध झाला. त्यात ‘कागद पुढे’ला १० आणि ‘गाडा मागे’ला १३ हे क्रमांक आहेत.

पुढे गाडाही गेला आणि रूळही गेला. पडद्याला दोन हुकूमांची गरज उरली नाही. तरी घराण्याचे रिवाज उरतात तसे झाले. युनिक्सवाल्यांनी एकटा १० घेतला. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशने एकटा १३ घेतला आणि २००१ सालच्या नव्या प्रणालीपासून तोही दहाकडे वळला. डॉस आणि त्याच्या मागून आलेले विंडोज यांनी १३ आणि १० ही जोडी तशीच ठेवली. आपल्या देशातले तारखाते १५ जुलै २०१३ रोजी बंद झाले. परंतु तारयंत्राच्या गाड्याला मागे फिरवणारा हुकूम विंडोजवर लिहिलेल्या साध्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी अजून दिला जातो. गाडा नाही, हुकूम चालू आहे! कचेऱ्यांचा ज्याला अनुभव आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

या घरभेदाचा त्रास नवशिक्याला असा होतो. एका घरची फाइल दुसऱ्या घरी उघडली की सगळ्या ओळी एकाला एक चिकटून एकच शेपूट दिसते. विंडोजमधल्या नोटपॅडला नुसत्या दहाने संपणारी ओळ २०१८ सालापर्यंत कळत नसे. त्या वर्षीच्या सुधारणेनंतर ती कळू लागली. मी जी भाषा शिकलो त्या पायथॉनमध्ये ही काळजी बरीचशी भाषाच घेते. मजकुराची फाइल म्हणून वाचायला घेतली की तिन्ही रिवाजांचे शेवट ती मुकाट्याने दहाच्या मण्यात बदलून हातात देते. मात्र वाचताना फाइल ‘यूटीएफ आठ’ या पद्धतीने लिहिली आहे हे आपण स्पष्ट सांगावे. न सांगितल्यास विंडोजवर मराठी मजकुराच्या जागी पुष्कळदा भलतीच चिन्हे उमटतात, आणि ओळी बरोबर पडूनही वाचायला काही उरत नाही.

प्रोग्राममध्ये हा मणी ओवायचा कसा? अवतरणचिन्हांच्या आत उलटी तिरकी रेघ काढून तिच्या पाठोपाठ इंग्रजी लहान लिपीतले एन अक्षर लिहायचे. लिहिताना ही दोन चिन्हे, पण माळेत एकच मणी. मजकूर मोठा असेल तर असे एन मोजत बसणे कंटाळवाणे होते. मग तीन अवतरणचिन्हे लागोपाठ देऊन मजकूर उघडायचा, जसा हवा तसा ओळीओळीने लिहायचा आणि पुन्हा तीन चिन्हांनी मिटायचा. या सोयीत दोन खाचा आहेत. उघडणाऱ्या तीन चिन्हांनंतर लगेच खालच्या ओळीवर गेलात तर तेही ओळ मोडणेच धरले जाते आणि मजकुरावर एक रिकामी ओळ येते. ती नको असल्यास तेथे नुसती उलटी तिरकी रेघ ठेवावी. आणि प्रोग्राम नीटस दिसावा म्हणून डावीकडे सोडलेली जागा मजकुरातही शिरते. पडद्यावर सूचना उगाच मधोमध सरकलेली दिसली, तर दोष बहुधा या जागेचा असतो.

येथवर सांगितले ते ओळ मुद्दाम मोडण्याविषयी. आता यापेक्षा महत्त्वाचा भाग येतो, आणि माझ्या मते नवशिक्याचा निम्मा गोंधळ येथेच आहे. ओळ दोन कारणांनी मोडते. अभंग किंवा ओवी लिहिली तर चरण कोठे संपवायचा हे कवी ठरवतो. पुस्तक लहान आकाराचे निघो की मोठ्या, चरण तेथेच संपला पाहिजे. पण कादंबरीतला परिच्छेद कोठे मोडावा याची लेखकाला फिकीर नसते. ते काम छापखान्यातल्या जुळाऱ्याचे. त्याच्या हातातली पट्टी भरली की तो ओळ संपवतो आणि पुढचा शब्द पुढच्या ओळीत घेतो. दुसऱ्या आवृत्तीत पान रुंद झाले तर तेच शब्द वेगळ्या ठिकाणी मोडतात, आणि त्यात लेखकाची एकही मात्रा बदलत नाही. पहिल्या मोडीला आपण लेखकाची मोड म्हणू, दुसरीला जागेची मोड. दहाचा मणी फक्त लेखकाच्या मोडीचा असतो. जागेच्या मोडीचा मणी माळेत नसतोच; ती खिडकीच्या रुंदीप्रमाणे क्षणोक्षणी ठरते.

नवशिका काय करतो? त्याची लांबलचक ओळ खिडकीबाहेर जाते. तो अंदाजाने चाळीस-पंचेचाळीस अक्षरे मोजतो, तेथे मणी ओवतो, आणि त्याच्या पडद्यावर मजकूर नेटका दिसतो. त्याच्या पडद्यावर, हे शब्द लक्षात घ्या. मग कोणी साठीकडे झुकलेला फिटर चष्मा विसरून येतो. त्याच्यासाठी अक्षर मोठे केले की प्रत्येक ओळ आधी जागेने मोडते, मग दोन शब्दांनंतर पुन्हा मण्याने मोडते. एक ओळ लांब, एक तोकडी, असा करवतीचा दात तयार होतो. जुळाऱ्याचे काम लेखकाने बळकावल्याचा हा परिणाम. नियम साधा ठेवावा: परिच्छेद संपला, कलम संपले, पत्त्याची किंवा यादीची ओळ संपली, तरच मणी. बाकी सारे खिडकीवर सोडावे.

आता खिडकी बनवण्याच्या साधनाकडे येऊ. पायथॉनबरोबर ‘टीकेइंटर’ नावाचे साधन बहुधा आपोआप मिळते. त्याच्या मुळाशी असलेले ‘टीके’ हे अमेरिकेत बर्कली विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी घडवले. साधन जुने आहे, दिसायला साधे आहे, पण शिकण्यासाठी मला तेच बरे वाटते. त्यात काय कोठून होते हे झाकलेले नाही. आणखी एक आनंदाची गोष्ट अशी की २००८ साली निघालेल्या पायथॉनच्या तिसऱ्या अवतारापासून प्रोग्राममधली आपली नावे मराठीत ठेवता येतात. मजकुराला ‘सूचना’ आणि पेटीला ‘पेटी’ म्हणता येते. आमच्या कार्यकर्त्यांना त्यामुळे निम्मी भीती गेली.

मजकूर दाखवायला टीकेइंटरमध्ये तीन मुख्य वस्तू आहेत. ‘एन्ट्री’ ही एकाच ओळीची पट्टी; नाव, हजेरी क्रमांक भरून घेण्यापुरती. तीत अनेक ओळी दाखवण्याच्या खटपटीत पडू नये. दुसरी ‘लेबल’, म्हणजे भिंतीवर डकवलेली चिठ्ठी. ती वाचायची, तीत लिहायचे नाही. लेबल लेखकाची मोड पाळते. मण्याच्या ठिकाणी ओळ पाडते. जागेची मोड मात्र ते आपण होऊन करत नाही, कारण त्याची ‘रॅपलेंग्थ’ मुळात शून्य असते, आणि शून्य याचा अर्थ मोडूच नको. तेथे आपण रुंदी द्यावी लागते, आणि ती अक्षरांत मोजलेली नसून पडद्यावरच्या ठिपक्यांत असते. ४०० लिहिले म्हणजे ४०० ठिपक्यांच्या आत जेवढे शब्द मावतील तेवढे एका ओळीत. ‘४० अक्षरे’ या हिशेबाने ४० लिहिणाऱ्याला एकेका शब्दाची ओळ मिळते आणि तो साधनाला दोष देतो.

लेबलाच्या बाबतीत आणखी एक गफलत सर्रास होते. अनेक ओळी आल्या की त्या मधोमध जुळवलेल्या दिसतात, लग्नपत्रिकेसारख्या. सूचना डाव्या कडेने सरळ हवी असते. त्यासाठी ‘जस्टिफाय’ या गुणाला ‘लेफ्ट’ सांगायचे. काही जण त्याऐवजी ‘अँकर’ बदलतात आणि काही फरक पडत नाही म्हणून चक्रावतात. अँकर हे सबंध मजकुराचे गाठोडे चिठ्ठीच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवावे हे सांगते. जस्टिफाय हे गाठोड्याच्या आतल्या ओळी एकमेकींशी कशा जुळवाव्या हे सांगते. बहुधा दोन्ही लागतात.

चार-सहा ओळींपर्यंत लेबल पुरते. त्यापुढे ‘टेक्स्ट’ ही पेटी घ्यावी. ही खरी अनेक ओळींची वस्तू. सांगितले नाही तर ती ८० रुंद आणि २४ ओळी उंच होते. त्यांतली रुंदी इंग्रजी शून्याच्या आकड्याच्या मापाने मोजलेली असते, म्हणून ४० रुंद पेटीत मराठीची ४० अक्षरे बसतीलच असे समजू नये. तीत मजकूर ‘इन्सर्ट’ने घालतात आणि कोठे घालायचा ते जागेच्या खुणेने सांगतात. पहिली जागा ‘एक टिंब शून्य’ अशी लिहितात: ओळी एकपासून मोजायच्या, ओळीतली अक्षरे शून्यापासून. असे का, याला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही, पाठ करावे. शेवटची जागा ‘एंड’. येथे ओळ म्हणजे लेखकाची ओळ. जागेने मोडलेल्या ओळी या मोजणीत धरत नाहीत, हे आपल्या मघाच्या भेदाला धरूनच आहे.

ही पेटी जागेची मोड आपण होऊन करते, पण ती कशी करावी हे आपल्याला सांगावे लागते. तिच्या ‘रॅप’ या गुणाला तीन किमती आहेत. ‘नन’ म्हणजे मोडूच नको. ‘कॅर’ म्हणजे जेथे जागा संपली तेथे, मग शब्द अर्धा तुटला तरी. ‘वर्ड’ म्हणजे शब्द अखंड ठेवून. न सांगितल्यास ती ‘कॅर’ धरते. इंग्रजीत यामुळे शब्द तुटतो, तेवढेच. मराठीत हे अधिक जाचक. ‘क्षेत्र’ हा आपला दोन अक्षरांचा शब्द माळेत सात मण्यांचा आहे: क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त, र. मण्याच्या हिशेबाने कापणाऱ्याला जोडाक्षराची इज्जत काय ठाऊक? म्हणून मराठी मजकुरासाठी ‘वर्ड’ हे विचार न करता लिहून टाकावे.

शब्दाच्या सीमेवर मोडूनही एक चिमटा राहतो. ‘रु. ५००’ यातले ‘रु.’ एका ओळीच्या शेवटी आणि ५०० पुढच्या ओळीच्या आरंभी गेले, की पगाराची सूचना वाचणारा अडखळतो. त्यासाठी युनिकोडमध्ये १६० क्रमांकाची एक खास मोकळी जागा आहे. तेथे ओळ मोडू नये असा तिचा संकेत. सगळीच साधने तो सारख्या निष्ठेने पाळत नाहीत, तेव्हा खिडकी लहानमोठी करून पाहून घ्यावे. टाइपाचेही तसेच. विंडोजवर ‘निर्मला यूआय’ किंवा जुना ‘मंगल’ हे टाइप देवनागरी नीट दाखवतात. लिनक्सवर टीकेच्या जुन्या प्रचलित रूपांत जोडाक्षरे फुटून आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला पडून दिसत असे. ज्या संगणकावर सूचना लागणार, त्याच संगणकावर ती आधी वाचून पाहावी.

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळी फार जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. टेक्स्ट पेटीत यावर छान सोय आहे. ‘स्पेसिंग’ या नावाचे तीन गुण आहेत. पहिला लेखकाच्या ओळीच्या वर जागा सोडतो, तिसरा तिच्या खाली, आणि दुसरा जागेने मोडलेल्या ओळींच्या मध्ये. दुसऱ्याला थोडे आणि तिसऱ्याला जास्त ठिपके दिले, की एका कलमाच्या ओळी एकत्र राहतात आणि दोन कलमे सुटी दिसतात. रिकाम्या ओळी घालण्याची गरजच पडत नाही.

आता सरकपट्टीविषयी बोलतो, आणि तिच्याविषयी थोडे अधिक बोलणार आहे. टेक्स्ट पेटीला स्वतःची सरकपट्टी नसते. मजकूर पेटीहून मोठा झाला तर उरलेला खाली दडतो. माउसच्या चाकाने तो वर येतो हे खरे. पण खाली काही आहे हे ज्याला माहीत नाही तो चाक फिरवणार कशाला?

२०२१ साली आमच्या सभासदांच्या बाबतीत हे घडले. एका कारखान्यात, नाव घेत नाही, पाळीच्या दाराशी बोटाने चालवायचा पडदा बसवला होता. त्यावर कामाच्या नव्या अटी दाखवल्या आणि खाली हिरवे ‘मान्य’ बटण ठेवले. अटी अकरा होत्या. पेटीत चार दिसत. सरकपट्टी नव्हती, माउस नव्हता. चौथे कलम पूर्णविरामाने संपत होते, त्यामुळे मजकूर तेथे संपला असेच कोणालाही वाटले असते. रात्रपाळीच्या माणसांनी हजेरी लावायच्या घाईत बटणे दाबली. नववे कलम दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली करण्याविषयी होते. पुढे ज्याची बदली निघाली त्याने ‘मी हे वाचलेच नाही’ म्हटले, आणि त्याच्यासमोर त्याच्याच बोटाची नोंद ठेवण्यात आली. आम्ही हरकत घेतली ती एका साध्या गोष्टीवर: व्यवस्थापनाच्या साहेबांना त्या पडद्यासमोर उभे केले आणि पाचवे कलम वाचून दाखवा म्हटले. त्यांना ते सापडेना. त्या नोंदी रद्द झाल्या, अकराही कलमे कागदावर छापून दाराशी लागली आणि संमती नव्याने घेतली गेली. तो प्रोग्राम लिहिणारा मुलगा विशीतला होता. त्याच्या मोठ्या पडद्यावर अकराही कलमे दिसत होती. मला त्याचा राग आला नाही. त्याला हे कोणी शिकवले नव्हते.

तर सरकपट्टी कशी जोडावी? ‘स्क्रोलबार’ ही वेगळी वस्तू आहे, आणि तिची पेटीशी गाठ दोन्ही बाजूंनी मारावी लागते. पट्टी ओढली की पेटीने मजकूर सरकवला पाहिजे; म्हणून पट्टीच्या ‘कमांड’ला पेटीचे ‘वायव्ह्यू’ द्यायचे. उलट मजकूर चाकाने किंवा कळीने सरकला, तर पट्टीवरचा ठोकळा हलला पाहिजे. म्हणून पेटीच्या ‘वायस्क्रोलकमांड’ला पट्टीचे ‘सेट’ द्यायचे. एकच गाठ मारली तर एक बाजू बोलते आणि दुसरी ऐकत नाही. आम्हा वाटाघाटी करणाऱ्यांना ही अवस्था चांगली परिचयाची आहे. मांडणी करताना पट्टी आधी मांडावी आणि पेटी मागाहून, कारण ‘पॅक’ या पद्धतीत खिडकी लहान केल्यावर मागून आलेल्याची जागा आधी कापली जाते. उलट क्रम ठेवला तर अरुंद खिडकीत सरकपट्टीच नाहीशी होते, म्हणजे जिची गरज सर्वांत जास्त तिचाच बळी. पेटीला मात्र ‘फिल’ला ‘बोथ’ आणि ‘एक्स्पांड’ला होकार द्यावा, म्हणजे खिडकीबरोबर ती वाढते आणि जुळाऱ्याचे काम नव्या रुंदीने आपोआप होते.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण संमती घ्यायची असेल तर मी एक पाऊल पुढे जातो. पेटी वायस्क्रोलकमांडमधून पट्टीला प्रत्येक वेळी दोन अपूर्णांक कळवते: दिसणारा भाग सबंध मजकुरात कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो. आरंभ म्हणजे शून्य, अखेर म्हणजे एक. दुसरा आकडा एक झाला याचा अर्थ मजकुराचे शेवटचे टोक खिडकीत आले. तेव्हा पेटी आणि पट्टी यांच्यामध्ये आपले एक छोटे कार्य बसवावे. त्याने दोन्ही आकडे पट्टीला पोहोचते करावेत, आणि दुसरा आकडा एकाला पोहोचला असेल तरच ‘मान्य’ बटण उघडावे. तोवर ते ‘डिसेबल्ड’ म्हणजे कुलुपबंद. हे आकडे अक्षरांच्या रूपात येतात. तुलना करण्यापूर्वी त्यांना संख्येत बदलून घ्यावे लागते. आणि पेटी रिकामी असताना टोक दिसतच असते, म्हणून मजकूर घालून, खिडकी पडद्यावर मांडली गेल्यावरच हा पहारा बसवावा. नाहीतर बटण सूचनेच्या आधीच उघडून बसेल. टोक दिसले म्हणजे माणसाने सारे वाचले असे होत नाही, हे मला कळते. पण पाचवे कलम कोठे आहे हे साहेबांनाही सापडत नाही, अशी पाळी येत नाही.

वाचणाऱ्याने मजकुरात खाडाखोड करू नये म्हणून पेटीलाही कुलूप लावता येते. तिच्या ‘स्टेट’ला ‘डिसेबल्ड’ सांगायचे. नवशिके येथे फसतात, कारण हे कुलूप घरमालकालाही लागते. पेटी बंद असताना प्रोग्रामने इन्सर्ट केले तर ना मजकूर दिसतो ना तक्रार. म्हणून नवी सूचना लावायची झाल्यास आधी बटण बंद करावे, मग पेटी ‘नॉर्मल’ करावी, एक टिंब शून्यापासून एंडपर्यंत जुना मजकूर पुसावा, नवा घालावा, दृश्य आरंभाशी आणावे आणि पेटी पुन्हा बंद करावी. पेटीतून मजकूर परत घ्यायचा असेल तर ध्यानात ठेवावे की ती शेवटी स्वतःचा एक दहाचा मणी जोडते. तो वगळण्यासाठी शेवटची जागा ‘एंड वजा एक सी’ अशी लिहितात. नाहीतर दर साठवणुकीला फाइलच्या तळाशी एकेक रिकामी ओळ वाढत जाते.

आमच्या कचेरीत असा प्रोग्राम दाराशी लावण्यापूर्वी आम्ही त्याला चार मजकूर देतो. एक अगदी रिकामा. एक दोन शब्दांचा. एक मोकळ्या जागांशिवाय लिहिलेल्या लांबलचक पत्त्याचा. आणि एक जुन्या स्थायी आदेशांचा, अथपासून इतिपर्यंत. मग खिडकी निम्मी करतो, अक्षर दुप्पट करतो, आणि ज्याने हा प्रोग्राम कधी पाहिलेला नाही अशा कोणाला तरी बोलावून शेवटच्या कलमाचा क्रमांक विचारतो. गेल्या खेपेला एका सफाई कामगार बाईंनी तो सांगितला आणि वर विचारले, “हे अक्षर आणखी थोडं मोठं नाही का होणार?” झाले. त्यासाठी फक्त टाइपाचा आकडा बदलावा लागला. ओळी पेटीने आपल्या आपण नव्याने मोडून घेतल्या.